ड्राइव्ह त्यांचा, फाइल आपली. मग दोष कोणाचा?

सेमिस्टर सुरू झाली की वर्गाच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, 'पुस्तकाची पीडीएफ आहे का कुणाकडे?' दहा मिनिटांत लिंक हजर. कधी ड्राइव्हची, कधी एखाद्या टेलिग्राम चॅनेलची. आपण डाउनलोड करतो आणि विसरून जातो. पण त्या एका लिंकमागे तिघं असतात. पुस्तक लिहिणारा-छापणारा, ते स्कॅन करून चढवणारा आणि जिच्या सर्व्हरवर ती फाइल आहे ती कंपनी. पहिल्याचं नुकसान झालं, दुसऱ्याने कायदा मोडला, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तिसऱ्याबद्दल. युजरने केलेल्या कॉपीराइट भंगासाठी जागा पुरवणाऱ्या कंपनीला जबाबदार धरायचं का?

हा वकिलांचा विषय आहे म्हणून पान उलटू नका. तुमचा प्रोजेक्ट, गॅदरिंगचे फोटो, मार्कशीटचे स्कॅन, सगळं याच कंपन्यांच्या कपाटात आहे. या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर त्याची झळ चोरी न करणाऱ्यालाही बसेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. नुसती फाइल साठवली म्हणून कंपनी दोषी ठरू नये. पण नेमकी लिंक दाखवूनही ती हलत नसेल, किंवा चोरीच्या मालावरच तिची कमाई चालत असेल, तर तिला सुटका मिळू नये.

लेखकाची बाजू खोटी नाही

'कंपन्यांना सरसकट जबाबदार धरा' असं म्हणणारे सगळेच काही गडगंज स्टुडिओ नाहीत. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघणं नवीन नाही. अशा पुस्तकाची पीडीएफ दोन-चार ग्रुपांवर फिरली तरी प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचार सोडून देऊ शकतो. २०१६ मध्ये 'सैराट' थिएटरात गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी कॉपी मोबाइलवर फिरत होती. २०२० मध्ये 'दैनिक जागरण'ला आपल्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर वाटल्या जात असल्याबद्दल दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. लेखकाने दिवसभर लिंका शोधायच्या, तक्रारी करायच्या आणि एक काढली की दुसरी उगवायची, हे किती दिवस चालणार? कंपनीकडे पैसा आहे, इंजिनिअर आहेत, मग राखण तिनेच करावी, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण आजवर काय घडलं तेही बघूया.

मेगाअपलोडचा धडा

१९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने मेगाअपलोड ही फाइल साठवण्याची प्रचंड मोठी साइट बंद पाडली. तिचा संस्थापक किम डॉटकॉम न्यूझीलंडमध्ये पकडला गेला. सरकारी आरोप असा होता, की या मंडळींनी १७.५ कोटी डॉलर कमावले आणि हक्कधारकांचं ५० कोटी डॉलरहून जास्त नुकसान केलं. डॉटकॉमने आरोप सतत नाकारले, पण त्याच्या दोन साथीदारांना गुन्हा कबूल केल्यावर २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शिक्षा झाली.

आरोपपत्रातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, ज्याची फाइल जास्त डाउनलोड होईल त्या युजरला साइट बक्षीस म्हणून पैसे देत होती. दोन, तक्रार आली की फक्त ती एक लिंक काढली जायची. मूळ फाइल सर्व्हरवर तशीच आणि तिच्या बाकीच्या लिंका चालू. याला साठवण म्हणत नाहीत. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं करणार?

पण याच कारवाईची दुसरी बाजूही आहे. ओहायोत शाळांच्या खेळांचे व्हिडिओ काढून पोट भरणाऱ्या एका माणसाची हार्ड डिस्क नेमकी त्याच सुमारास बंद पडली होती. त्याचा बॅकअप मेगाअपलोडवर होता. त्याने कुणाचंही काही चोरलं नव्हतं. तरी स्वतःचे व्हिडिओ परत मिळवण्यासाठी त्याला कोर्टात धाव घ्यावी लागली, आणि तो झगडा वर्षानुवर्षं रखडला. अख्ख्या कपाटाला कुलूप ठोकलं की चोर सोडून संन्याशाला फाशी होते, ती अशी.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ अशा मध्यस्थ कंपन्यांना संरक्षण देतं, पण अटींवर. कंपनीने वाजवी काळजी घ्यायला हवी आणि बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर तो काढायला हवा. 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे काय, यावर टी-सीरीज चालवणारी सुपर कॅसेट्स आणि मायस्पेस यांच्यात मोठी लढाई झाली. २०११ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी मायस्पेसविरुद्ध निकाल दिला. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठाने तो फिरवला. 'तुमच्या साइटवर आमची गाणी आहेत' अशी मोघम ओरड पुरेशी नाही. कुठली गाणी, कुठे आहेत, ते नेमकं दाखवा, मग मात्र काढणं बंधनकारक, असा त्याचा सारांश.

कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने वाट दिली आहे. हक्कधारकाने लेखी तक्रार केली की लिंक २१ दिवस बंद ठेवायची; तोवर त्याने कोर्टाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा सुरू करता येते. २०१३ च्या नियमांनुसार ही बंदी ३६ तासांत अमलात यायला हवी.

आणि 'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत' म्हणत कानावर हात ठेवणंही दर वेळी चालत नाही. दिल्लीतल्या स्पर्धा परीक्षेच्या एका शिक्षिकेचे व्हिडिओ आणि नोट्स टेलिग्रामवर विकल्या जात होत्या. आपले सर्व्हर सिंगापूरमध्ये आहेत, तिथला कायदा युजरची माहिती देऊ देत नाही, अशी कंपनीची सबब होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती फेटाळली आणि चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती सादर करायला लावली. मला हा मार्ग जास्त पटतो. कपाट फोडण्यापेक्षा चोराचं नाव विचारा.

मशीनला काय कळतं?

सरसकट जबाबदारी टाकली की कंपनी काय करेल? दंड टाळण्यासाठी प्रत्येक फाइल मशीनकडून तपासून घेईल आणि शंका आली की बंद करेल. ही नुसती भीती नाही. जानेवारी २०२२ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापिकेची फाइल गुगल ड्राइव्हने कॉपीराइट भंगाचा ठपका ठेवून अडवली. फाइलमध्ये काय होतं? फक्त '१' हा आकडा! वर, या निर्णयाचा फेरविचार मागता येणार नाही, असाही संदेश आला. बोभाटा झाल्यावर गुगलने दुरुस्ती केली. पण तुमच्या सबमिशनच्या आदल्या रात्री असं झालं, तर तुमच्यासाठी कोण बोभाटा करणार?

दुसरी अडचण याहून मोठी. कॉपी केलेली प्रत्येक गोष्ट चोरी नसते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला होता, कारण तो पुस्तकांतल्या प्रकरणांचे कोर्स पॅक विकत होता. २०१६ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, की शिकवण्याच्या ओघात गरजेपुरती कॉपी करणं कलम ५२ मध्ये बसतं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला. आता तोच कोर्स पॅक ड्राइव्हवर ठेवला, तर मशीनला त्यात काय दिसेल? प्रकाशकाच्या पुस्तकाची पानं. शिकवणं, समीक्षा, संशोधन यातला फरक तिला कळत नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये अपलोड घेणाऱ्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर कडक जबाबदारी टाकली, तेव्हाही स्वतःच्या वापरासाठी फाइल ठेवण्याच्या क्लाउड सेवा त्यांनी जाणीवपूर्वक वगळल्या, त्या उगाच नाही.

मग काय हवं?

तीन गोष्टी. पहिली, खासगी फोल्डर आणि जाहीर लिंक यांत फरक करा. माझ्या कपाटात मी काय ठेवते ते उघडून बघायचा अधिकार कंपनीला नको. मी ते हजारो लोकांना वाटायला लागले की गोष्ट वेगळी. दुसरी, तक्रार खरी ठरली की एक लिंक काढून हात झटकू नका. त्या फाइलचं जाहीर वाटप सगळीकडून थांबवा आणि पुन्हापुन्हा तेच करणाऱ्याचं खातं बंद करा. हे न करणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई घ्या. तिसरी, ज्याची फाइल अडवली त्याला बोलू द्या. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यात युजर उलट नोटीस देऊ शकतो आणि हक्कधारकाने दावा लावला नाही, तर फाइल परत येते. आपल्या कॉपीराइट नियमांत तक्रारदाराची प्रक्रिया तपशिलात आहे, युजरच्या उत्तराची अशी स्पष्ट वाट नाही. ती हवी. खोट्या तक्रारीने एखाद्याचा शोधनिबंध २१ दिवस अडकला, तर तोवर परीक्षा होऊन जाईल.

राहता राहिलो आपण. कंपनीला सरसकट जबाबदार धरू नका म्हणताना आपली जबाबदारी आपसूक वाढते. लायब्ररीतलं पुस्तक, सीनिअरची जुनी प्रत, प्रकाशकाचं स्वस्त ई-बुक हे पर्याय आधी बघा. ड्राइव्हवर शेअर करताना 'लिंक असलेला कोणीही' हे सेटिंग निवडण्याआधी फाइल कुणाची आहे ते बघा. आपल्या महत्त्वाच्या कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ओहायोतल्या त्या माणसाकडे दुसरी प्रत नव्हती. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी 'पीडीएफ आहे का?' असा मेसेज आला, की लिंक टाकण्याआधी त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं नाव एकदा वाचा.