खेळाडूचा मालक कोण?

युरोपातील फुटबॉल-संघ एकमेकांकडून खेळाडू घेतात, तेव्हा त्या व्यवहारांतील कोट्यवधींचे आकडे वाचून सामान्य माणसाचे डोळे दिपतात आणि पाठोपाठ खेळाडूंच्या हव्यासावर टीकेची झोड उठते. या गदारोळात एक साधी गोष्ट विसरली जाते. छापून येणारी ती रक्कम खेळाडूचे वेतन नसते. एका संघाने दुसऱ्या संघाला मोजलेली ती किंमत असते. श्रमाला मोबदला असतो. किंमत असते ती वस्तूला. मग खेळाडू हा श्रम करणारा माणूस, की संघाच्या मालकीची वस्तू? फ्रान्समध्ये हा प्रश्न ज्याने सर्वांत खणखणीत आवाजात विचारला, तो परदेशात कीर्ती मिळवून आलेला आघाडीचा खेळाडू होता. त्याचे नाव रेमाँ कोपा.

कोपाचे मूळ आडनाव कोपाशेव्स्की. पोलंडमधून फ्रान्सच्या उत्तरेकडील कोळसा-खाणींच्या मुलखात येऊन राहिलेल्या कुटुंबात, न्यो-ले-मीन या गावी १३ ऑक्टोबर १९३१ रोजी तो जन्मला. चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला आणि तेथील अपघातात त्याच्या हाताचे एक बोट जायबंदी होऊन त्याचा भाग कापावा लागला. साहजिकच फुटबॉल हा त्याच्या लेखी निव्वळ विरंगुळा नव्हता; खाणीतून वर येण्याची ती शिडी होती. १९४९ मध्ये तो आंजे संघात दाखल झाला आणि १९५१ मध्ये रीम्सच्या संघात. अल्बेर बातो यांच्या मार्गदर्शनाखाली रीम्सने १९५३ आणि १९५५ मध्ये फ्रान्सचे अजिंक्यपद मिळविले. बुटक्या चणीच्या, प्रतिस्पर्ध्याला लीलया चकविणाऱ्या कोपाचा त्यात मोठा वाटा होता.

१३ जून १९५६ रोजी पॅरिसमध्ये युरोपीय चषकाचा पहिलावहिला अंतिम सामना झाला. रेआल माद्रिदने रीम्सचा ४-३ असा पराभव केला आणि त्याच उन्हाळ्यात कोपा विजेत्या संघाकडे गेला. तेथे मध्यभागी दि स्टेफानोचे साम्राज्य असल्यामुळे कोपाला उजव्या बगलेवर सरकावे लागले. त्याने ते पत्करले आणि १९५७, १९५८ व १९५९ असा सलग तीन वर्षे तो युरोपीय चषकाचा मानकरी ठरला. यांतील अखेरचा विजय तर खुद्द रीम्सविरुद्धचा होता. १९५८ च्या विश्वचषक स्पर्धेत फ्रान्स तिसरा आला. जुस्त फोंतेनने त्या स्पर्धेत केलेल्या विक्रमी १३ गोलांमागे कोपाची रसद होती. त्या वर्षीचा युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मानही त्यालाच मिळाला. माद्रिदशी त्याचा करार तीन वर्षांचा होता. मुदत भरताच १९५९ मध्ये तो स्वेच्छेने रीम्सला परतला.

मायदेशातील व्यवस्था मात्र निराळी होती. तेथे एकदा व्यावसायिक करारावर सही केली, की खेळाडू वयाच्या पस्तिशीपर्यंत संघाच्या दावणीला बांधला जाई. त्याला ठेवावे की विकावे, हे ठरविणार संघचालक. खेळाडूची संमती हा केवळ उपचार. या व्यवस्थेविरुद्ध १९६१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत फोंतेन होता, तसाच कामेरूनहून फ्रान्समध्ये आलेला यूजेन एन्जो-लेआही होता. १९६३ मध्ये कोपाने जाहीरपणे सांगून टाकले की, खेळाडू हे गुलाम आहेत. त्याबद्दल त्याला सहा महिन्यांच्या बंदीची शिक्षा झाली. तिची अंमलबजावणी तेवढी तहकूब ठेवण्यात आली.

‘गुलाम’ हा शब्द अतिरंजित होता, हे मान्य करावयास हरकत नाही. खाण-कामगाराच्या तुलनेत कोपा निश्चितच सुखवस्तू होता. परंतु स्वातंत्र्याचा निकष पगाराचा आकडा नसून संमती हा असतो. मालकाशी न पटल्यास साध्या मजुरालाही, निदान कायद्याने, काम सोडता येते. देशाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ते सोडू शकत नव्हता. पिंजरा सोन्याचा असला म्हणून त्याचे गज काही नाहीसे होत नाहीत.

संघचालकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. लहान संघ पोरांना हेरतात, घडवितात आणि ऐन उमेदीत श्रीमंत संघ त्यांना उचलून नेतात. या कष्टांची भरपाई झालीच पाहिजे. मात्र त्यासाठी माणूसच तारण ठेवण्याचे कारण नाही. जागतिक फुटबॉल महासंघाने २००१ मध्ये घडणीच्या खर्चाची भरपाई नियमांत आणली, हाच योग्य मार्ग होय.

कोपाचा आवाज वाया गेला नाही. १९६३ मध्येच इंग्लंडच्या न्यायालयाने जॉर्ज ईस्टहॅमच्या दाव्यात खेळाडूला अडकवून ठेवणारी पद्धत अन्याय्य ठरविली. फ्रान्समध्ये १९६९ मध्ये मुदतीचे करार आले. १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघराज्यातील दुसऱ्या देशाच्या संघाकडे जाताना किंमत मागण्याची प्रथा मोडीत काढली. २०२४ मध्ये किलियन एम्बापे पॅरिसहून माद्रिदला गेला, तो याच हक्काने. ज्या संघाकडे कोपा मोल मोजून नेला गेला होता, त्याच संघाकडे ६८ वर्षांनी दुसरा फ्रेंच आघाडीवीर करार संपवून मोकळ्या हाताने गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, लासाना दियारा या आणखी एका फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणात, युरोपीय न्यायालयाने महासंघाचे काही बदली-नियम कायद्याशी विसंगत ठरविले. लढा संपलेला नाही, हाच याचा अर्थ. नामवंतांना वकील मिळतात. खालच्या श्रेणीतील अनाम खेळाडूला तोच हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही, यावरच या सुधारणांची परीक्षा व्हावयास हवी.

स्वातंत्र्य दिले तर निष्ठा उरणार नाही, ही भीती जुनीच आहे. तिला कोपाच्या आयुष्यानेच उत्तर दिले आहे. १९६४ मध्ये रीम्सची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. युरोप जिंकून आलेला हा खेळाडू तरीही तेथेच राहिला आणि १९६७ मध्ये निवृत्त झाला तो त्याच संघातून. ३ मार्च २०१७ रोजी तो निवर्तला. जाण्याची मुभा मागणारा माणूस अखेर राहिला, हे विसरून चालणार नाही. दावणीला बांधलेल्याच्या राहण्याला निष्ठा म्हणत नाहीत. जाऊ शकत असूनही जो राहतो, त्याच्याच निष्ठेला मोल असते.