खोली परकी, घास घरचा

कुटुंबातील कुणाच्या उपचारासाठी मोठ्या शहरात जाऊन लॉजच्या खोलीत आठ-पंधरा दिवस काढण्याची वेळ अनेकांवर येते. औषधे, तपासण्या, खोलीचे भाडे यांत काटकसर करता येत नाही. मग ती होते सोबत आलेल्या माणसाच्या पोटाशी. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव आणि रात्री ‘भूकच नाही’. त्यातून अशक्तपणा येतो, पोट बिघडते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर चुकलेल्या जेवणाने रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. शुश्रूषा करणाऱ्यानेच अंथरूण धरले, तर रुग्णाकडे पाहायचे कुणी?

वाचकहो, यावर उपाय आहे आणि त्यास शेगडी लागत नाही. विजेची किटली, रुंद तोंडाचा थर्मास आणि घरून नेलेले चार डबे पुरेत.

निघण्यापूर्वी दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मूगडाळ धुऊन, पूर्ण वाळवून, मंद आचेवर खमंग भाजावी. गार झाल्यावर बारीक रव्यासारखे दळून त्यात जिरेपूड, हिंग व मीठ मिसळावे. खोलीवर प्रथम थर्मास उकळत्या पाण्याने विसळून तापवावा. मग माणशी अर्धी वाटी मिश्रण व दोन वाट्या उकळते पाणी घालून, ढवळून, झाकण घट्ट लावावे. अर्ध्या-पाऊण तासात खिचडीसारखी मऊ पेज होते. दाणा शिजल्याची खात्री करून, वर तूप व मेतकूट घालून ती गरम असतानाच खावी.

सकाळी दडपे पोहे करावेत. पातळ पोह्यांत चिरलेला कांदा, टोमॅटो, लिंबाचा रस, मीठ व दाण्याचे कूट कालवून दहा मिनिटे दडपून ठेवले की झाले. धावपळीच्या दिवशी चार चमचे सातूचे पीठ ताकात कालवून घ्यावे. भाजलेले चणे, शेंगदाणे आणि केळी पिशवीत असू द्यावीत. झटपट नूडल्स मात्र रोज नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाच्या आहारात दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ असावे आणि या पाकिटांतच त्याचा मोठा वाटा संपतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. किटली वापरण्यास व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी. तिच्यात केवळ पाणीच उकळावे. दूध किंवा डाळ तळाशी करपते. ती पडद्यापासून दूर ठेवावी, सैल सॉकेटमध्ये लावू नये. कॉइल हीटर व स्टोव्ह खोलीत आणूच नयेत. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. केमोथेरपीसारख्या उपचारांमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण झाली असेल, तर कच्चा कांदा-टोमॅटो घातलेले पोहे त्यास देऊ नयेत. त्याचा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

उपचारांचे कागद, औषधांची यादी आपण आठवणीने घेता. त्याच पिशवीत हे चार डबेही ठेवावेत आणि आपल्या जेवणाची वेळ रुग्णाच्या औषधाच्या वेळेइतकीच काटेकोरपणे पाळावी.