हात बसला म्हणजे शिकवता येते?

दंतवैद्यकात शिकवणारा माणूस एकाच वेळी दोन कामे करतो. खुर्चीवरच्या रुग्णाचे भले पाहतो आणि त्याच रुग्णावर हात बसवणाऱ्या विद्यार्थ्याचेही. पहिल्या कामासाठी बीडीएस ही पदवी आणि त्यावर एमडीएस या पदव्युत्तर पदवीची तीन वर्षे खर्ची पडतात. दुसऱ्यासाठी पदवी कोणी मागत नाही. एमडीएसचा निकाल लागला की कालचा विद्यार्थी आज ‘स्टाफ’ होतो, आणि विभागातली मुले केसपेपर घेऊन त्याच्याकडे सहीसाठी रांग लावतात. शिकवणे आणि देखरेख करणे या कामाचे पदव्युत्तर पातळीवर रीतसर प्रशिक्षण हवे की नको, हा वादाचा विषय. नको म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही; म्हणूनच ती नीट मांडून तपासायला हवी.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा वाद जास्त स्पष्ट दिसतो. दंतशिक्षण महाराष्ट्रात आधी शहरात रुजले. मुंबईचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३चे. या जिल्ह्यात मात्र ते प्रवरेच्या ऊसपट्ट्यात गेले. राहाता तालुक्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे आणि संगमनेरला लागून घुलेवाडीत एसएमबीटी दंत महाविद्यालय. दोन्हींच्या मागे सहकारी साखर कारखानदारीची पुण्याई आहे. लोणीच्या संस्थेला २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तर संगमनेरचे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. अशा भागातल्या दवाखान्यात येणारा रुग्ण दुखणे असह्य झाल्यावरच येतो. मिश्रीने झिजलेले दात घेऊन बाई येते. २०१२पासून राज्यात गुटखाबंदी असूनही दोन बोटांपलीकडे तोंड न उघडणारा तरुण येतो. ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या माणसाला तर पुढची तारीख देऊन उपयोगच नसतो. कारखान्याचा पट्टा पडला की त्याचा मुक्काम हलतो. त्याचे म्हणणे एकच: दात काढून टाका. त्याला एकाच भेटीत काय द्यायचे आणि शिकाऊ मुलाला त्यातले काय करू द्यायचे, हे ठरवायला शिक्षकाच्या हाती काही मिनिटेच असतात.

त्यात दंतवैद्यकाची एक अडचण वैद्यकापेक्षा वेगळी आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी पोट उघडत नाही. तो बघतो, तपासतो, टिपून घेतो. बीडीएसचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी फँटम हेडवरच्या नकली दातांवर हात साफ करतो आणि तिसऱ्या वर्षापासून जिवंत माणसाच्या तोंडात उतरतो. ड्रिलने एकदा कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही. भरतात ते सिमेंट. पदवीच्या आतच न परतवता येणारे उपचार विद्यार्थ्याच्या हातून होतात, त्यामुळे देखरेख करणाऱ्याची चूक थेट रुग्णाच्या जबड्यात उमटते.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा सगळ्यांत जोरकस: ज्याचा हात बसला आहे तोच शिकवू शकतो, मग वेगळे काय शिकायचे? विधानाचा पहिला भाग खरा आहे. ज्याला स्वतःला रूट कॅनल जमत नाही त्याने ती शिकवू नये. पण त्यावरून दुसरा भाग निघत नाही. हात बसणे म्हणजे पायऱ्या विसरणे. खालची दाढ बधिर करण्याच्या ‘ब्लॉक’चेच पाहा. अंगठा जबड्याच्या मागच्या खोबणीत टेकवायचा. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आणायची. सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन हाडाला टेकली की केसभर मागे घ्यायची. मग दट्ट्या मागे ओढून रक्त येते का पाहायचे, आणि नंतरच औषध सावकाश सोडायचे. वीस वर्षे ब्लॉक देणाऱ्याचे हे सारे एका दमात होते. विद्यार्थ्याला सांगताना तो म्हणतो, “अंगठा ठेव, सुई घाल, हाड लागलं की औषध सोड.” रक्त पाहण्याची पायरी त्याचा हात कधीच चुकवत नाही, तोंड मात्र चुकवते. मुलगा ऐकल्याप्रमाणे करतो, आणि एखाद्या दिवशी औषध रक्तवाहिनीत जाते. इथे ज्ञान कमी पडलेले नाही, कसबही नाही. आपल्या कसबाचे तुकडे पाडून दुसऱ्याच्या हातात देण्याची कला कमी पडली.

ही कला शिकता येते. ब्रिटनमधल्या रॉडनी पेटन यांनी १९९८ साली शस्त्रक्रिया शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत मांडली. आधी शिक्षक न बोलता नेहमीच्या वेगाने काम करून दाखवतो. मग तेच काम तुकड्या-तुकड्याने, बोलत करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी एकेक पायरी सांगतो आणि शिक्षक त्याच्या सांगण्याप्रमाणे हात चालवतो. चौथ्या वेळी विद्यार्थी सांगतोही आणि करतोही. खरी किंमत तिसऱ्या पायरीला आहे. मुलगा रक्त पाहायचे सांगायला विसरला, तर ते सुई रुग्णाला लागण्याआधीच कळते. रीत एवढी साधी आहे की तिला प्रशिक्षण म्हणायला संकोच वाटावा. पण ती आपोआप कोणाला सुचत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा मुद्दा परंपरेचा. गुरूंनी कुठे बीएड केले होते? कुंभाराने, वैद्याने, सोनाराने पोराला असेच शिकवले. यावर उत्तर थोडक्यात देता येते. सोनाराच्या पोराने बिघडवलेले सोने पुन्हा वितळवता येते. शिवाय ती शागिर्दी एकास एक आणि वर्षानुवर्षांची होती. इथे एका शिक्षकामागे विद्यार्थ्यांची टोळी, हातात सत्राचे ठरलेले तास आणि प्रत्येकाचा केसेसचा ठरलेला ‘कोटा’. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला बाराखडी शिकवणाऱ्याला डीएड लागते आणि २०१३पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. जिवंत दातावर ड्रिल चालवायला शिकवणाऱ्याला मात्र यातले काही नको, हा कोणता न्याय?

तिसरा मुद्दा नियमांवर बोट ठेवतो. भारतीय दंत परिषदेच्या २०१७च्या एमडीएस नियमांत शिकवण्याची परीक्षा आहेच, मग ओरड कशाची? आहे खरी. अंतिम मौखिक परीक्षेच्या १०० गुणांपैकी २० गुण अध्यापनाला आहेत. उमेदवाराला विषय दिला जातो आणि त्यावर तो ८ ते १० मिनिटे बोलतो. शिकवता येणे हा तज्ज्ञाच्या कामाचा भाग आहे, हे परिषदेने यातून मान्य केले. ते मान्य केल्यावर मोजायला घेतले ते मात्र भाषण. दहा मिनिटांचे नेटके व्याख्यान देणारा माणूस, शेजारी उभे राहून दुसऱ्याचा हात चालताना गप्प बसू शकेल का, नेमका कधी थांबवील, झाल्यावर काय सांगेल, हे त्या भाषणातून कळत नाही. बरे, हे मोजण्याची तरतूद असती तरी त्याआधी ते तीन वर्षांत शिकवायला हवे होते.

या देखरेखीचा एक प्रसंग कुठल्याही दंत महाविद्यालयात आठवड्यातून दोनदा तरी दिसेल. तिसऱ्या वर्षाची मुलगी खालच्या दाढेत कॅव्हिटी कोरते आहे. मागची भिंत नीट येत नाही. आरशावर वाफ धरली आहे, लाळ साचली आहे, रुग्ण घड्याळाकडे पाहतो आहे. शिक्षक येतात, वाकून पाहतात, “सरक” म्हणतात आणि हँडपीस हातात घेऊन दीड मिनिटात भिंत सरळ करून देतात. केसपेपरवर सही होते, तिच्या कोट्यात एक केस वाढते. रुग्ण खूश, शिक्षक मोकळे, मुलगीही सुटल्यासारखी. तिला कळलेले एवढेच की भिंत सरळ असते. ती तिरकी का येत होती, हँडपीस कलला होता की बसण्याची जागाच चुकली होती, हे कोणी पाहिले नाही. देखरेख शिकलेला शिक्षक हँडपीस घेण्याआधी तिला खुर्ची वर घ्यायला आणि बोट शेजारच्या दातावर टेकवायला सांगतो. रुग्णाला धोका दिसला तरच हात घालतो, आणि घातला तर का घातला ते रुग्ण गेल्यावर तिला सांगतो. याला दीड मिनिटाऐवजी सहा मिनिटे लागतात.

आणि इथेच चौथा आक्षेप उभा राहतो: एवढा वेळ कुणाकडे आहे? बाहेर बाकावर लांबून एसटीने आलेली माणसे बसलेली, परतीची गाडी ठरलेली. हा आक्षेप खोटा ठरवता येणार नाही. फक्त हिशेब पुरा मांडावा लागेल. सरकून बसलेली मुलगी पुढच्या केसमध्येही अडते आणि शिक्षकाला पुन्हा यावे लागते. ते दीड मिनिट वर्षभर चालते. शिवाय प्रशिक्षणाचा एक भाग हाच आहे की कोणती केस शिकवण्यासाठी राखायची आणि कोणती निमूटपणे स्वतः उरकायची, हे सकाळी पेपर वाटतानाच ठरवणे. जबडा न उघडणारा गुटख्याचा रुग्ण पहिल्याच वेळी ब्लॉक देणाऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. हा निर्णय वेळ वाचवतो.

पाचवा मुद्दा कार्यशाळांचा. १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ शिक्षकांसाठी शिक्षणतंत्राच्या कार्यशाळा घेते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५पासून फाइमर या वैद्यकीय शिक्षणाला वाहिलेल्या संस्थेची दीर्घ पाठ्यवृत्तीही आहे. मग नवे काय हवे? फाइमरसारखा उपक्रम उत्तम, पण त्याच्या जागा मोजक्या. छोट्या कार्यशाळांबद्दल बोलायचे तर कॅनडातल्या इव्हॉन स्टायनर्ट व सहकाऱ्यांनी २००६ साली वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. शिक्षक खूश होतात, त्यांची दृष्टी बदलते, आपण वेगळे वागतो असे ते सांगतात, हे त्यात आढळले. प्रशिक्षण परिणामकारक ठरण्यात प्रत्यक्ष सराव, त्यावर मिळणारा अभिप्राय आणि सहकाऱ्यांची साथ यांचा वाटा दिसला. म्हणजे प्रशिक्षण निरुपयोगी नाही. फाइल, पेन, जेवण आणि प्रमाणपत्र एवढ्यावर संपणारे प्रशिक्षण अपुरे आहे.

तेव्हा मंडन करायचे ते कशाचे, हे नेमके सांगायला हवे. ब्रिटनमध्ये दंतशिक्षणाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र नोकरी सांभाळून घेता येते. तिथे पूर्ण मास्टर्सला १८० श्रेयांक लागतात आणि प्रमाणपत्राला ६०. तिथला साचा जसाच्या तसा उचलावा असे कोणी म्हणत नाही. कारण तिथे पदवी झाल्यावर सरकारी सेवेत येणारा तरुण दंतवैद्य वर्षभर एका अनुभवी दंतवैद्याच्या दवाखान्यात त्याच्या देखरेखीखाली काम करतो. आपल्याकडे इंटर्नशिप संपली की पाटी लावायला मोकळा. पण त्या प्रमाणपत्राचा गाभा उचलण्याजोगा आहे: शिकणाऱ्या शिक्षकाचे शिकवणे दुसऱ्याने प्रत्यक्ष पाहायचे, त्यावर लेखी अभिप्राय द्यायचा, आणि असे वर्षभर व्हायचे.

इथे हा गाभा असा बसवता येईल. एमडीएसच्या दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने बीडीएसच्या मुलांवर केलेली देखरेख त्याच्या लॉगबुकात केसइतकीच नोंदली जावी. महिन्यातून एकदा वरिष्ठ शिक्षकाने बाजूला उभे राहून ती पाहावी. रुजू होणाऱ्या नव्या व्याख्यात्याने पहिल्या वर्षी हेच सहकाऱ्याच्या नजरेखाली करावे. अभिमत विद्यापीठाला असा अभ्यासक्रम स्वतःहून सुरू करायला मोकळीक जास्त. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाची वाट पाहावी लागते. एकाच खोऱ्यातल्या दोन संस्थांनी एकमेकांचे निरीक्षक बोलावले, तर घरच्या माणसाचे शिकवणे तपासताना येणारी भीडही जाईल.

या अभ्यासक्रमात भाषेला जागा हवी. पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, पण खुर्चीवर चालते ती मराठी. ‘पल्प एक्स्पोज झाला’ हे मुलाला सांगायचे आणि त्याच दमात पाथर्डीहून आलेल्या आजीला ‘दाताची नस उघडी पडली, पण दात वाचेल’ असे सांगायचे, हे शिक्षकाने करून दाखवायचे असते. रुग्णासमोर मुलाची चूक कोणत्या शब्दांत दाखवायची, हाही भाषेचाच प्रश्न. “हे काय करून ठेवलंस?” ऐकल्यावर आजी पुन्हा तोंड उघडत नाही.

या प्रशिक्षणाची दारे महाविद्यालयाबाहेरही उघडी हवीत. श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे इथल्या दवाखान्यांत नुकतेच बीडीएस झालेले तरुण वरिष्ठांच्या हाताखाली उमेदवारी करतात. १९४८च्या दंतवैद्य कायद्याने व्याख्या केलेले डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांचे कामही दंतवैद्याच्या नजरेखालून जाते. या वरिष्ठांना कोणी शिक्षक म्हणत नाही, तरी तरुणाची पहिली अवघड अक्कलदाढ बहुधा त्यांच्याच समोर निघते. त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा, महिन्यातून एका रविवारी भरणारा वर्ग पुरे. आपल्या दवाखान्यात सहायकाला शिकवतानाचे, रुग्णाच्या संमतीने केलेले चित्रण त्यांनी सोबत आणायचे आणि ते सगळ्यांनी मिळून पाहायचे.