रद्दबातल कलमाची दहशत

परवा इशाच्या नमाजनंतर माझा एक जुना विद्यार्थी मशिदीबाहेर थांबला होता. एमएस्सी, बीएड; एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दुसऱ्या क्लासने चार हजार जास्त देऊ केलेत, पण जाता येईना. "सर, सही केलीय." मोबाइलवर कराराचा फोटो दाखवला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या शहरात कुठल्याही क्लासमध्ये शिकवायचे नाही, स्वतःचा क्लासही काढायचा नाही.

मग पोराने करायचे काय? फिजिक्स विसरायचे?

१८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ म्हणते की, कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नकोस, हे न्यायालये मान्य करतात. नोकरी संपल्यावर नाही. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान करार संपल्यावर दुसऱ्या एजन्सीकडे गेला, तेव्हा जुन्या एजन्सीने त्याला कोर्टात खेचले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून झहीरच्या बाजूने कौल दिला.

झहीरकडे वकील होते. या पोराकडे घरभाडे आहे, बहिणीचे लग्न आहे आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात आहेत. एक वकिली नोटीस आली तरी घरात कुणाला झोप लागणार नाही. कोर्टात न टिकणारे हे कलम पगाराची बोलणी करताना मात्र छान टिकते. मालकाला ठाऊक आहे, हा कुठे जाणार नाही. मग वाढ कशाला द्यायची?

क्लासवाले म्हणतात, "आम्ही तयार केले, आता आमचीच मुले पळवणार." तयार केले म्हणजे काय केले? बीएड त्याने स्वतःच्या पैशाने केले. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. मला तो निकाल पटलेला नाही, पण तिथेही पैसे भरून माणूस मोकळा होतो. इथे त्याला त्याच्या विद्येपासूनच तोडायचे आहे.

खोट कलम २७मध्येच आहे. ते करार रद्द ठरवते, लिहिणाऱ्याला मात्र हातही लावत नाही. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दहशत विकत मिळत असेल तर कोण सोडेल? असे कलम लिहिणाऱ्याला दंड हवा, प्रमाणपत्रे अडकवणाऱ्याला त्याहून मोठा.

मी त्याला म्हणालो, "आधी प्रमाणपत्रे लेखी माग. नोटीस आली तर माझ्याकडे घेऊन ये, वकिलाकडे आपण मिळून जाऊ." तो "बघतो सर" म्हणाला.