मढीला 'ट्रायबल फेस्टिव्हल' म्हणू नका

२०२४ च्या रंगपंचमीआधी आमच्या आतेभावाची मेल आली. तो असतो परदेशात. "ऑफिसातला एक जर्मन मित्र इंडियात येतोय. तुमच्या तिसगावजवळ तो ट्रायबल फेस्टिव्हल असतो ना, तो दाखव त्याला. फार कलरफुल असतो म्हणे."

टाळकंच सटकलं माझं. अरे दादा, मढीची जत्रा म्हण की! कानिफनाथांची. आत्याच्या कडेवर बसून तूही गेला आहेस. रेवड्यांसाठी रडलेला अख्ख्या घराला आठवतोय.

मुळात 'ट्रायबल' हा शब्दच इथे चुकीचा. मढीला येतात ते गोपाळ, वैदू, बेलदार, कैकाडी. आपल्या राज्याच्या यादीत हे भटके-विमुक्त, अनुसूचित जमाती वेगळ्या. त्यातही गंमत अशी की कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत आणि आपल्याकडे विमुक्त जातीत. माणूस तोच, जिल्हा बदलला की सवलत बदलते! आणि 'विमुक्त' कशातून? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यातून. हा शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर आणखी पाच वर्षं. पाहुण्याला गाडीत हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. जर्मन माणूस, जन्मावरून ठरवलेल्या गुन्हेगाराचा अर्थ त्याला फोड करून सांगावा लागला नाही.

जत्रेत मात्र तो रमला. गाढवांच्या बाजारात तर तासभर. काठेवाडी आणि गावरान यातला फरक त्याने विचारून घेतला, किमती विचारल्या. फोटो काढायच्या आधी हातानेच खूण करून परवानगी मागायचा, कुणी मान हलवली की कॅमेरा खाली. आमचा भाचा मात्र मोबाईल घेऊन थेट पालात घुसला. चुलीपाशी बसलेल्या बाईने पदर ओढून घेतला तरी याचं चालूच. "मामा, ऑथेंटिक येतंय!" आपल्या वाड्यात आजी अशी बसलेली असताना कुणी आलं असतं तर चाललं असतं का रे?

बरं, भाबडं कौतुकही नको. तिथे एक सुशिक्षित गृहस्थ भेटले. इथल्या जातपंचायती म्हणजे कशी 'उघड्यावरची न्यायालयं' होती हे पाहुण्याला रंगवून सांगत होते. सोयरिकी जुळायच्या, भांडणं मिटायची, खरंच आहे. पण दंड बसायचे, माणसं वाळीत पडायची, आणि त्यात बाईचं काय व्हायचं ते गृहस्थांनी गाळलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली विधिमंडळाला कायदा करावा लागला तो काही उगाच नाही.

आमच्या घरातला नेहमीचा युक्तिवाद असा, की पर्यटक आले की चार पैसे येतील, विकास होईल. येतील ना! हॉटेलवाल्याला येतील, गाडीवाल्याला येतील. ज्याचा फोटो काढला त्याला काय? गड बांधताना दगड याच लोकांनी वाहिले असं परंपरा सांगते, होळीचा मान आजही गोपाळांचा आहे. म्हणजे या जत्रेचे यजमान ते. आपण तिसगावकरसुद्धा तिथे पाहुणेच, आणि हे मात्र आपल्याला कुणी कधी शिकवलं नाही.

परतताना पाहुण्याने विचारलं, "जत्रा संपली की ही माणसं कुठे राहतात?" चाळीस वर्षं मी मढीला जातोय. मला सांगता आलं नाही. भाच्याने गूगल उघडलं, त्यावरही नव्हतं.

तर दादा, पुढच्या वेळी कुणाला पाठवू नकोस, स्वतः ये. मुलांनाही आण, कॅमेरे घरी ठेवून. रेवड्या मी घेऊन देईन.