चाकाचा फेरफार

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचा विधी ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, अशी माणसे नाशिक जिल्ह्यात आता विरळ होत चालली आहेत. परंतु ज्यांनी तो पाहिला त्यांना हे निश्चित स्मरत असेल की, धाव ही लाकडी घेरापेक्षा किंचित आखूडच घडविलेली असे, गोवऱ्यांच्या विस्तवात तापून प्रसरण पावली म्हणजेच ती चाकावर बसे, आणि पाण्याचा शिडकावा होताच आकुंचन पावून आरे व तुंबा यांना अशी आवळून धरी की पुढे कित्येक वर्षे ते चाक कुरकुरत नसे. माप बोटभर चुकले तर धाव एक तर चढत नसे, किंवा चढून खडखडत राही. आणि मोठी धाव घातल्याने गाडी थोर दिसेल, असा विचार त्या निरक्षर लोहाराच्या मनास कधी शिवला नाही.

हे स्मरण होण्यास कारण पेठ फाट्याजवळच्या एका टायरच्या दुकानात नुकतेच पाहिलेले दृश्य. दिंडोरीकडून टोमॅटो वाहणाऱ्या एका पिकअपला मालकाने मूळच्या डिस्कवरच एक माप मोठे, बटणांचे, काळेकुळकुळीत टायर चढविले होते. गाडी उभी होती तेव्हा ती खरोखरच रुबाबदार दिसत होती. परंतु स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळविताच चाकाची कड मडगार्डच्या आतल्या पत्र्याला भिडून असा खरवडल्यासारखा आवाज आला की मालकाचा चेहरा उतरला. कारागिराने हातोडी घेऊन पत्र्याची किनार आत ठोकली, पुन्हा चाक फिरवून पाहिले, रबराचा काळा पट्टा आणखी आत उमटलेला पाहिला, आणि शांतपणे सल्ला दिला, “दादा, फुल कट मारू नका, मग नाही घासत.” घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला असता पूर्ण वळण न घेण्याची ही अट पाळायची कशी, हे मात्र त्याने सांगितले नाही, आणि मालकानेही विचारले नाही.

मोठ्या टायरचा मोह समजण्यासारखा आहे. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या बाजूचे रस्ते, काळ्या मातीच्या शेतातून रस्त्यापर्यंत माल काढण्याची यातायात आणि खड्ड्यांत आपटणारे चेसीस हे सर्व खरे आहे. म्हणूनच या व्यवहारात लाभ किती आणि तोटा किती, हे एकदा कागदावर मांडून पाहणे अगत्याचे ठरते. उदाहरणादाखल 215/75 आर 15 हे माप घ्या. यातील 215 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 75 ही त्या रुंदीच्या प्रमाणात बाजूच्या भिंतीची उंची, आणि 15 हा डिस्कचा व्यास इंचांत. हिशेब केला म्हणजे चाकाचा एकूण व्यास सुमारे 703 मिलिमीटर येतो. त्याच डिस्कवर 235/75 आर 15 चढविला तर तो 733 होतो. व्यास 30 मिलिमीटरांनी वाढला, तरी भुईपासून कणा उंचावतो तो त्याच्या निम्म्याने, म्हणजे दीड सेंटिमीटर. ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप केला, ती करंगळीच्या रुंदीएवढी भरते.

आता तोट्याची बाजू. चाक हे गाडीचे मूळ माप आहे. वेग, अंतर, ओढ आणि ब्रेक या सर्वांचे हिशेब कारखान्याने त्या मापावर बसविलेले असतात. घेर सव्वाचार टक्क्यांनी वाढला की काटा 60 दाखवीत असता गाडी साडेबासष्टने धावू लागते. वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि त्यासाठी कारखानदार काटा मुद्दामच किंचित पुढे ठेवतात. ही राखून ठेवलेली शिल्लक मोठा टायर गुपचूप खाऊन टाकतो. मीटरवर एक लाख किलोमीटर पडले, तेव्हा गाडी त्याहून सव्वाचार हजारांनी अधिक चाललेली असते, म्हणजे नाशिक-मुंबईच्या सुमारे बारा जाऊन-येऊन फेऱ्या हिशेबात आल्याच नाहीत. आणि जो मालक मीटर पाहून किलोमीटरवर भाडे घेतो, त्याने त्या फुकट वाहून दिल्या. इंजिनाची ओढ आणि ब्रेकची पकड जमिनीपर्यंत पोहोचताना त्याच प्रमाणात क्षीण होते, आणि रात्रीच्या काळोखात भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या भरल्या गाडीला कसारा घाट उतरताना या सव्वाचार टक्क्यांचा अर्थ चांगलाच कळतो.

याहून सूक्ष्म दोष डिस्कचा. प्रत्येक टायरला किती रुंदीची डिस्क चालते, हे ठरलेले असते. 235 च्या या टायरला किमान 6 इंचांची लागते, 215 ला साडेपाचही पुरते. तेव्हा मूळची डिस्क साडेपाचची असेल, तर मोठा टायर तिच्यावर बसतो खरा, परंतु मधोमध फुगतो, मधल्या पट्टीवर झिजतो, आणि वळणावर त्याच्या भिंती डोलू लागतात. शिवाय थोर दिसणारा टायर अधिक भार पेलतो, ही समजूत तर सर्वथा भ्रामक आहे. भिंतीवर मापाच्या शेजारी 105 हा भारांक छापलेला असेल, तर तो टायर 925 किलोंपेक्षा अधिक वाहण्यास बांधलेला नाही. मागच्या दोन टायरांचे मिळून 1,850 किलो, आणि त्यात मागच्या कण्यावर येणारा माल, हौदा, पाटे व कण्याचे स्वतःचे वजन असे सर्व आले. मालासाठी मुद्दाम बांधलेले अधिक प्लायचे, दिसायला अरुंद टायर काढून जीपच्या थाटाचे रुंद टायर घालणारा मालक पुष्कळदा गाडीची ताकद वाढवीत नसून घटवीत असतो.

कायद्याची गोष्ट याहून स्पष्ट आहे. आपला शेतकरी फेरफार या शब्दाचे गांभीर्य पुरेपूर ओळखतो. तलाठ्याच्या दफ्तरात नोंद झाल्यावाचून सातबारा बदलत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाडीलाही असाच दस्तऐवज असतो. मालवाहू गाडीच्या नोंदणी-अर्जात कारखान्याने जाहीर केलेल्या टायरांची संख्या, वर्णन, आकार व प्लाय यांचा स्वतंत्र रकाना आहे, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे की, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती वादाचे निमित्त सापडते, ते वेगळेच.

तथापि सर्व दोष मालकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. शिवाररस्त्यावर मुरूम पडत नाही, पुलाजवळचा खड्डा तीन पावसाळे तसाच राहतो, आणि आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरसाल होणाऱ्या योग्यता-तपासणीत टायरच्या भिंतीवरचे आकडे नोंदणीशी ताडून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही, तोवर माणूस आपल्या खिशातून आपली वाट उंच करू पाहणारच. माझे म्हणणे इतकेच की, रस्त्याची तक्रार रस्त्याच्या दफ्तरात दाखल व्हावी, चाकावर तिची भरपाई मागू नये. विक्रेत्याने पावतीवर टायरचे माप, भारांक व डिस्कची रुंदी लिहून द्यावी. आणि मालकाने पैसे मोजण्यापूर्वी ते तीन आकडे गाडीच्या पुस्तकाशी जुळवून पाहावेत. पिंपळगावच्या वा लासलगावच्या आवारात भुईकाट्यावरच्या चार किलोंसाठी आवाज चढविणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये.