पंगतीत शेवटी, पावतीत पहिले



माझी आई माधवनगरची. मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन बाजाराला बसते. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी मजूर. कंटेनर उघडायचा, गोण्या पाठीवर घ्यायच्या, शेडमध्ये थप्पी लावायची. त्यातल्या कितीतरी गोण्या प्लास्टिकच्या दाण्याच्या. एक गोणी 25 किलोची. साबुदाण्यासारखा पांढरा दाणा. त्याचीच पुढं कारखान्यात पिशवी होते.

माझ्या पाठीवर असतो तोवर हा दाणा व्यापार असतो, देशाची प्रगती असते. पिशवी होऊन आईच्या टोपलीशेजारी आला की गुन्हा होतो.

एका बाजारच्या दिवशी पथक आलं. आईच्या पोत्याखालनं पातळ पिशव्यांचा गठ्ठा काढला आणि पाच हजाराची पावती फाडली. तिचं त्या दिवसाचं भांडवल आठशे रुपये. ती म्हणाली, "सायेब, टोपली न्या, तराजू न्या, मलाबी न्या. तरी पाच हजार व्हत न्हाईत." शेवटी व्याजानं पैसे काढले. पावती कायद्याप्रमाणं बरोबर होती. माझं भांडण तिथंच आहे.

23 मार्च 2018 ला महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडला तर 5 हजार, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिन्यांची कैद. भाजीवालीला 5 हजार, वातानुकूलित दुकानालाही 5 हजार. ह्याला म्हणे समानता! आणि कारखान्यात माल भरतानाच जे वेष्टन लागतं त्याला त्याच अधिसूचनेत सूट. वेफरचं चकचकीत पाकीट सुटलं, मेथीची पिशवी पकडली.

कुणी म्हणेल, तुम्हाला प्लास्टिक हवंय. नाही रे बाबा. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, गटारं तुंबली. कृष्णा सांगलीत शिरली 2005 ला, 2019 ला, 2021 ला. सखल भागातली झोपडी आधी बुडते. नदी, हवा, गटार स्वच्छ राहावं ही आपली गरज बंगलेवाल्यापेक्षा जास्त आहे. सवाल एवढाच, की ह्या स्वच्छतेचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

दिल्लीच्या सरकारला ह्याचं उत्तर चांगलं ठाऊक आहे. 1972 साली स्टॉकहोमला इंदिरा गांधींनी श्रीमंत देशांना गरिबीची आठवण करून दिली. 1992 साली रिओला जगानं मान्य केलं, की पृथ्वीची जबाबदारी सगळ्यांची, पण वाटा सारखा नाही. ज्यानं जास्त धूर सोडला, ज्याच्याकडं पैसा जास्त, त्यानं जास्त उचलावं. 2022 साली इजिप्तमध्ये गरीब देशांच्या नुकसानीसाठी निधी उभारायचं ठरलं. भारत दर परिषदेत अमेरिका-युरोपला हेच ऐकवतो. बरोबरच ऐकवतो.

मग हा न्याय विमानातनं उतरल्यावर कुठं जातो? जगाच्या बाजारात भारत म्हणतो, आम्ही गरीब, आमचा वाटा कमी धरा. माधवनगरची भाजीवाली तेच म्हणते, तर तिला पावती!

सुप्रीम कोर्टानं 1996 साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सांगितलं, की जो प्रदूषण करतो त्यानं भरावं. 2016 च्या नियमांत प्लास्टिक बनवणाऱ्या आणि त्यात माल विकणाऱ्या कंपन्यांवर तो कचरा गोळा करायची जबाबदारी टाकली. कागद चांगला आहे. पण रस्त्यावर कचरा गोळा कोण करतं? पाठीवर पोतं टाकलेली बाई. ती किलोवर विकते, भाव भंगारवाला ठरवतो. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, म्हणून तिथल्या कचरावेचक बायांना संघटना मिळाली, ओळखपत्र मिळालं. आपल्या गावात तिला अजून चोर म्हणून हाकलतात.

आणि तीच पिशवी गटारात अडकली की आत कोण उतरतं? जात सांगायला पाहिजे का? हातानं मैला काढण्यावर बंदीचा कायदा 1993 साली झाला, 2013 साली दुसरा झाला. गटारात मेलेल्याची भरपाई 2014 साली कोर्टानं 10 लाख ठरवली, 2023 साली 30 लाख केली. म्हणजे मरण थांबलं नाही, मरणाचा दर वाढला.

हिशोब मांडा. दाणा वाहिला आपण. दंड भरला आपण. कचरा वेचला आपण. गटारात गुदमरलो आपण. नफा तेवढा दुसऱ्याचा. 1927 साली महाडला आपल्या माणसांनी पाण्यातला वाटा मागितला, तेव्हा डोकी फुटली. फायद्याच्या पंगतीत ज्यांना शेवटीही पान मांडत नव्हते, त्यांना खर्चाच्या पंगतीत पहिलं पान!

म्हणून आपलं म्हणणं रोखठोक पाहिजे. दंड कमाईच्या मानानं लावा. पावती फाडायच्या आधी टोपलीवालीच्या हातात परवडणारी पिशवी द्या. कंपन्यांकडनं कचऱ्यासाठी निघणारा पैसा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातापर्यंत पोचू द्या. गटारात यंत्र उतरवा, माणूस नको.

पर्यावरण म्हटलं की आपली पोरं म्हणतात, ते साहेबलोकांचं खूळ. ही चूक आहे, दोस्तहो. आपण विषय सोडला तर बिल तेच लिहिणार आणि नाव आपलं घालणार.

आई आता जुन्या साड्या फाडून पिशव्या शिवते. रात्री, दिव्याखाली. परवा फोनवर म्हणाली, "नदीसाठी मी माझं लुगडं दिलं. त्या दाणावाल्यानं काय दिलं, तेवढं इचारून ये."

मी विचारतोय. तुम्हीही विचारा.